नववीचं पत्र, एक रॅपर आणि शाळेचं मैदान: एका गॅदरिंगचं प्रकरण

पुण्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे गॅदरिंगचा हंगाम. मी साऊंडच्या धंद्यात आहे, त्यामुळे या दिवसांत शाळांचे फोन येतात आणि अलीकडे त्यात एक नवा प्रश्न असतो: मुलांना अमुक गायक बोलवायचाय, किती घेईल? समोरच्याला एक आकडा ऐकायचा असतो. नुसता आकडा ऐकून शाळा एक तर लगेच नाद सोडते, नाहीतर भलत्याच खड्ड्यात पडते. म्हणून 2023-24 या शैक्षणिक वर्षातलं एक प्रकरण पुरतं लिहून काढतो आहे. शाळा कोथरूडमधली, सेमी-इंग्रजी, आपल्या मैदानाची. माझी मुलगी तिथे आठवीत होती, मी पालक-शिक्षक संघात होतो आणि साऊंडही माझाच होता. शाळेचं आणि कलाकाराचं नाव सांगितल्याने मुद्द्यात काही भर पडत नाही, म्हणून नावं नाहीत.

मागणी

28 सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं आणि पुढच्या आठवड्यात नववीच्या मुलांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे अर्ज दिला. गॅदरिंगला दरवर्षी असतं ते असूच दे: समूहगीत, लेझीम, कोळीनृत्य, बक्षीस समारंभ, दहावीचे फिशपाँड. पण शेवटचा अर्धा तास आम्हाला द्या. त्या अर्ध्या तासात आमचा आवडता रॅपर येईल, तो गाईल आणि आम्ही नाचू. बसवलेला नाच नाही, आमचा आम्ही.

रॅपर पुण्यातलाच. महापालिकेच्या शाळेत शिकलेला, पंचविशीच्या आतबाहेरचा, मराठीत लिहिणारा. मुलांना त्याची गाणी तोंडपाठ; शिक्षकांपैकी ड्रॉईंगच्या सरांनीच काय ते नाव ऐकलं होतं.

संस्थेच्या अध्यक्षांचा पहिला आक्षेप गायकाला नव्हताच, नाचाला होता. बसवलेला नाच म्हणजे कला, मोकळा नाच म्हणजे धिंगाणा, असं त्यांचं सरळ गणित. त्यावर नववीच्या वर्गप्रतिनिधी मुलीने बैठकीत शांतपणे विचारलं, "सर, मिरवणुकीत आपण सगळेच नाचतो ना? तुम्हीसुद्धा होतात." अध्यक्ष हसले आणि विषय "तत्त्वतः मान्य" झाला. पुण्यातल्या समित्यांत ही पायरी गाठली की पुढे निदान चर्चा तरी होते.

तीन निमंत्रणं

पहिलं निमंत्रण मुलांनी परवानगीच्या आधीच धाडलं होतं. इन्स्टाग्रामवर वर्गातल्या जवळपास प्रत्येकाने "दादा प्लीज आमच्या शाळेत या ना" असा मेसेज केला. उत्तर नाही. ते येणारही नव्हतं. असे मेसेज त्याला रोजच येत असणार, आणि त्यात ना शाळेचं नाव होतं ना तारीख.

दुसरं पत्र शाळेच्या लेटरहेडवर गेलं. त्यात "आपल्या शुभहस्ते", "उपस्थिती प्रार्थनीय आहे", "विद्यार्थ्यांना मौलिक मार्गदर्शन लाभावे" असं सगळं होतं. गाण्याचा उल्लेख मात्र नव्हता. पत्र शाळेच्या जुन्या नमुन्यावरून काढलेलं होतं. रॅपरचं काम पाहणाऱ्या मुलाला वाटलं, दादाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावताहेत: शाल, श्रीफळ, बक्षीस वाटप आणि दोन शब्द. त्याने नम्रपणे नकार कळवला. वर, "कार्यक्रम हवा असल्यास" म्हणून दरही कळवला: अडीच लाख, अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,95,000. गॅदरिंगचं एकूण बजेट होतं 1,80,000, मंडपापासून वडापावापर्यंत सगळं धरून.

इथे बहुतेक शाळांचं प्रकरण संपतं. या शाळेचंही संपत आलं होतं. बाईंनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मुलांनाच लिहू द्या, पण कलाकाराला जे कळणं गरजेचं असतं ते सगळं त्यात आलं पाहिजे. म्हणजे तारीख, वार, वेळ, समोर किती मुलं, कोणत्या इयत्तेतली, उघडं मैदान की हॉल, गाणं किती मिनिटं हवं, साऊंड कुठला, पैसे किती आणि कधी, आणि शाळेला काय जमणार नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. दर ऐकल्यावर घासाघीस करायची सवय आपल्याला मंडईने लावली आहे, पण कलाकाराकडे घासाघीस केली की तो दुखावला तरी जातो, नाहीतर कामात हात आखडता घेतो. त्यापेक्षा आपली कुवत आधीच सांगावी आणि त्यात काय बसतं ते त्यालाच ठरवू द्यावं.

वर्गप्रतिनिधी मुलीने लिहिलेलं पत्र दीड पानाचं होतं. मधला भाग असा:

"दादा, आमच्याकडे अडीच लाख नाहीत. तुमच्यासाठी जास्तीत जास्त 35 हजार बाजूला काढता येतील, ते चेकने आणि कार्यक्रमाच्या आधी मिळतील. प्रेक्षक आठवी ते दहावीची साधारण सहाशे मुलं आणि त्यांचे पालक. कार्यक्रम शनिवारी, 6 जानेवारीला, आमच्या मैदानावर. तुमची वेळ सव्वासात ते पावणेआठ. आठ वाजता आम्हाला आवाज बंद करायचाय, कारण शेजारी सोसायटी आहे. तुम्ही भाषण करायची गरज नाही. शाल द्यायची की नाही हे तुम्ही सांगा."

चार दिवसांनी उत्तर आलं. येतो, 35 चालतील. शाल नको. बरोबर डीजे आणि एक साथीदार असेल. साऊंड नीट हवा. त्याची यादी सोबत होती. आणि दुपारी लवकर येऊन मुलांसोबत दोन तास बसायला आवडेल, गाणी कशी लिहितो ते दाखवायला.

बैठकीत एका पालकांचं म्हणणं पडलं की एवढा मुलांच्या प्रेमाखातर येतोय तर फुकटच बोलवा, प्रसिद्धी मिळेल त्याला. मला हे पटलं नाही आणि मी तसं बोललो. त्याला प्रसिद्धी आपल्याकडून मिळणार नव्हती, ती आपल्याला त्याच्याकडून मिळणार होती. शिवाय त्याच्या डीजेला त्या शनिवारी दुसरीकडे लग्नाचं काम मिळालं असतं. आपण मांडववाल्याला फुकट ये म्हणत नाही.

पैसा कुठून आणला

हे 35 हजार बजेटमध्ये नव्हते. प्रत्येक मुलाकडून पन्नास-शंभर गोळा करा, ही सूचना सगळ्यांत आधी आली आणि बाईंनी ती तिथेच थांबवली. महाराष्ट्रात 2011च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्काची बाब पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागते. वर्षाच्या मध्येच जमा केलेले पैसे ऐच्छिक होते की सक्तीचे, हा वाद नंतर मिटत नाही. दुसरा प्रस्ताव एका कोचिंग क्लासचा होता: अख्खा खर्च आम्ही करतो, स्टेजमागे आमचा फ्लेक्स लावा. दहावीच्या पालकांना गिऱ्हाईक म्हणून क्लासच्या हवाली करायचं नाही, यावर शिक्षकांचं एकमत झालं. एरवी ते कशावर होत नाही.

अखेर नाट्यगृहाचा खर्च वाचवला. आदल्या वर्षी गॅदरिंग सभागृहात झालं होतं. बालगंधर्व असो, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण असो, तारखा मिळवण्याची यातायात वेगळीच, आणि तिथे खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. नाचणार कुठे? मैदानावर यायचं दुसरं कारण हेच. सभागृहाचं भाडं आणि मुलांना नेण्या-आणण्याच्या बसगाड्यांचा खर्च वाचला, त्यातून मानधन आणि वाढीव साऊंड दोन्ही निघाले. मी माझा माल भाव लावून दिला, फुकट नाही. वर जे बोललो ते मलाही लागू होतं.

करातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातल्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. म्हणजे पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराला सूट आणि तालावर शब्द फेकणाऱ्या रॅपरला नाही. रॅप ही अजून कायद्याच्या लेखी लोककला झालेली नाही. आमच्या बाबतीत त्याने 35 हजार सगळं धरून घेतले, त्यामुळे शाळेला फरक पडला नाही. पण पत्रात "सर्व करांसह" हे दोन शब्द लिहून घ्या, नाहीतर बिल हातात आल्यावर तोंड कडू होतं.

गाणी कुणाची

शाळांना वाटतं की शाळेच्या कार्यक्रमात काहीही गायलं, वाजवलं तरी चालतं. अर्धं खरं आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात शाळांना सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक गाणं, नाटक सादर करत असतील आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळीच असतील तर तो भंग नाही. त्याच प्रेक्षकांपुढे रेकॉर्ड वाजवायलाही मुभा आहे. पण बाहेरचा व्यावसायिक कलाकार स्टेजवर आला की तो ना विद्यार्थी ना शिक्षक. मग गाणी कुणाच्या मालकीची हे पाहावं लागतं. शब्द आणि संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आहे, ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएलसारख्या संस्था आहेत.

रॅपरला विचारल्यावर कळलं की त्याची सुरुवातीची गाणी पूर्ण त्याची, पण गाजलेल्या दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण एका लेबलकडे, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीकडे. यादी ठरवताना हा मुद्दा आमच्यापुढे होता, पण दुसऱ्याच एका भांडणाने तो झाकला गेला.

तीन अधोरेखित जागा

संस्थेने गाण्यांचे शब्द लेखी मागितले. मला हे आधी अपमानास्पद वाटलं. मग विचार केला, पाचवीच्या मुलांच्या नाटुकल्याची संहितासुद्धा आपण वाचतोच.

शब्द वाचायचं काम मराठीच्या सरांकडे आलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, व्याकरणाला कडक. त्यांनी पाच गाण्यांच्या प्रिंट घरी नेल्या आणि सोमवारी शिक्षककक्षात त्या कागदांवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा. यमक कुठे ओळीच्या पोटात लपवलंय, एकच व्यंजन किती वेळा घोळवलंय, कुठे अक्षर मुद्दाम तोडलंय. "बाकी जाऊ द्या, या पोराला भाषेचा कान आहे," एवढं म्हणून त्यांनी तीन जागा दाखवल्या. एके ठिकाणी पोलिसांवर टोला. एके ठिकाणी वर्गात झोपण्याचं गुणगान. आणि सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या ध्रुवपदात एक शब्द, जो शाळेच्या मागच्या बाकावर दिवसातून शंभरदा ऐकू येतो पण माईकवरून आला असता तर अध्यक्षांची खुर्ची हलली असती.

पहिल्या दोन जागांवर सर स्वतःच वकील झाले. पोलिसांवरचा टोला तमाशाच्या वगात शोभेल असा आहे, म्हणाले, आणि झोपेचं म्हणाल तर माझ्या तासाला झोपतातच. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता आणि आज आपण त्यांना अभ्यासक्रमात शिकवतो, याचीही त्यांनी आठवण करून दिली. तिसऱ्या शब्दावर मात्र त्यांचंही बळ संपलं.

रॅपरला तो शब्द बदलशील का, असं विचारलं. त्याचं उत्तर मला पटलं. शब्द बदलून गाणार नाही, बीपही टाकणार नाही. नको असेल तर ते गाणंच यादीतून काढा, मी रागावणार नाही. मुलं मात्र चांगलीच रागावली. ज्या गाण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच नाही! वर्गप्रतिनिधी मुलीने वर्गाला समजावलं की दादा येणं आणि ते गाणं होणं, यातलं एकच मिळणार आहे. ते तिने कसं पटवलं, मला ठाऊक नाही. गाणं वगळलं.

माझं मत विचाराल तर संस्थेने तो शब्द खपवून घ्यायला हवा होता. पण मुख्याध्यापिकाबाईंच्या जागी बसून दुसऱ्या दिवशी चाळीस पालकांचे फोन घ्यायचे नसतील, तर हे मत फार स्वस्तात पडतं.

गेट

25 नोव्हेंबर 2023 रोजी कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी होऊन चार जणांचा जीव गेला. पाऊस आला, बाहेर थांबलेली गर्दी आडोशाला एकदम आत घुसली, आणि आत उतरायला पायऱ्या होत्या. ही बातमी आली तोपर्यंत आमच्या बैठकांत गेटवर कुणी बोललंच नव्हतं. आमची तयारी म्हणजे एक शिपाईमामा आणि एक उघडं फाटक. त्यातच इन्स्टाग्रामवर तारीख फुटलेली. आजूबाजूच्या कॉलेजांची पोरं "आम्ही पण येतो" म्हणत होती.

त्यानंतरची बैठक मला सगळ्यात कामाची वाटते. ठरलं ते असं. आत फक्त ओळखपत्र असलेली मुलं आणि प्रत्येकी दोन पालक, पासावर. आत यायला पुढचं फाटक, बाहेर पडायला मागची दोन्ही, आणि ती दोन्ही कार्यक्रमभर उघडी, प्रत्येक फाटकाशी दोन पालक उभे. स्टेजसमोर बारा फूट मोकळी जागा सोडून बांबूचं कुंपण. ते लोखंडी बॅरिकेडपेक्षा बरं, कारण रेटा आला तर सुटतं. मुलांना खुर्च्या नाहीत, खुर्च्यांत पाय अडकतात. पालकांना मागे खुर्च्या. आठवीची मुलं डावीकडे, दहावीची उजवीकडे, म्हणजे लहान पोरं मोठ्यांच्या लाटेत सापडणार नाहीत. रॅपर येईल आणि जाईल तो मागच्या बाजूने, सेल्फी फक्त दुपारच्या सत्रात. पोलीस ठाण्याला ध्वनिवर्धकाच्या परवानगीच्या अर्जातच गर्दीचा अंदाज कळवला, आणि त्या संध्याकाळी दोन कॉन्स्टेबल येऊन उभे राहिले.

आवाज

हे माझं क्षेत्र, म्हणून थोडं जास्त लिहितो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. याच नियमामुळे एकेकाळी रात्रभर रंगणारा सवाई गंधर्व महोत्सव घड्याळाकडे पाहू लागला. गंमत अशी की शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो आणि तिथे दिवसाची मर्यादा 50. शाळेच्या गॅदरिंगला पहिली अडचण शाळेचीच.

55 डेसिबलमध्ये रॅप होत नाही, हे मान्य करून टाकू. दोन माणसं शेजारी बसून बोलली तरी 60च्या आसपास जातं, आणि सहाशे मुलं ओरडली की माझ्या बॉक्सची गरजच नाही. पण सोसायटीच्या खिडकीपाशी काय पोचतं, ते हातात असतं. आम्ही स्टेज नेहमीच्या जागेवरून हलवून मैदानाच्या सोसायटीकडच्या कडेला, पाठ सोसायटीकडे करून घेतलं, म्हणजे टॉपचा (वरच्या स्पीकरांचा) रोख शाळेच्या इमारतीकडे. सब, म्हणजे बेसचे बॉक्स, निम्मे केले. भिंतींतून घरात घुसतो तो धमधमणारा बेस. रॅपमध्ये जपायचा असतो शब्द. गॅदरिंगच्या नेहमीच्या सेटवर उलटं होतं: बेस छाती हलवतो आणि शब्द ऐकू येत नाही, वर माईक शिट्टी मारतो. रॅपरच्या यादीत दोन चांगले कॉर्डलेस माईक, समोर दोन मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), लॅपटॉपसाठी डीआय (त्याचा आवाज साऊंडला जोडणारी डबी) आणि लाईट गेली तर तयार जनरेटर, एवढंच होतं. कलाकाराने मागितलेल्या यादीला शाळा नखरे म्हणतात. या यादीत नखरा एकही नव्हता.

सोसायटीला मुलांनीच दारोदार जाऊन कळवलं: शनिवारी आठ वाजता बंद होईल. आणि ते बंद झालं.

6 जानेवारी

दुपारच्या सत्राला वीस मुलं निवडायची होती, चिठ्ठ्या टाकल्या. त्याने विचारलं, घरून शाळेत येताना काय काय दिसतं ते सांगा. कर्वे रस्त्यावरची मेट्रो, मेसचे डबे, कुत्रा, आईची स्कूटी, पौड फाट्याचा सिग्नल. दोन तासांत आठ ओळी तयार झाल्या. मराठीचे सर मागे बसून होते आणि एका मात्रेवरून त्यांचा आणि रॅपरचा जो वाद झाला तो मुलांना फार आवडला. सरांनी हार मानली नाही. रॅपरने ओळ बदलली.

संध्याकाळी सव्वासात ऐवजी सात पंचवीसला सुरू झालं, कारण अध्यक्षांचं भाषण. चार गाणी झाली, मुलांच्या आठ ओळी झाल्या. मुलं नाचली, दहावीच्या वर्गशिक्षिकाही नाचल्या. मग ओरडा सुरू झाला त्या वगळलेल्या गाण्याचा. रॅपरने हात जोडून नाही म्हटलं, घड्याळ दाखवलं. तेवढ्यात कुणीतरी ध्रुवपद सुरू केलं आणि सहाशे मुलांनी ते माईकशिवाय, ठेक्याशिवाय, अथपासून इतिपर्यंत म्हटलं. त्या शब्दावर आवाज सगळ्यात मोठा. रॅपर स्टेजवर माईक खाली धरून उभा. करारानुसार त्याने एक अक्षर उच्चारलं नव्हतं. अध्यक्षांनी शेजारच्या पालकांना विचारलं, मुलं काय म्हणताहेत? पालक म्हणाले, नीट ऐकू येत नाही. सात त्रेपन्नला मी कन्सोल बंद केला.

नंतर

तक्रार एकच आली, सोसायटीची. आवाजाची नव्हती, पालकांनी फाटकासमोर दुचाक्या लावल्या होत्या.

खरी अडचण दोन आठवड्यांनी उपटली. शाळेने गॅदरिंगचा अख्खा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि काही तासांत त्यातल्या एका गाण्याचा आवाज गायब झाला. लेबलचा दावा लागला होता. डीजेने लॅपटॉपवरून वाजवलेला ट्रॅक त्यांच्या मालकीचा. रॅपर म्हणाला, गाणं माझंच आहे पण ट्रॅक माझा नाही, मी काही करू शकत नाही. 52व्या कलमातली सवलतही कामाची नाही. ती मैदानावरच्या मर्यादित प्रेक्षकांसाठी आहे, इंटरनेटसाठी नाही. शाळेने तेवढा भाग कापून व्हिडिओ पुन्हा चढवला. आता मी पत्राच्या नमुन्यात एक ओळ वाढवली आहे: कोणत्या गाण्याचं चित्रण शाळा नेटवर टाकू शकेल, ते कलाकाराने आधी कळवावं.

संस्थेने जूनमध्ये ठराव केला की बाहेरचा कलाकार बोलवायचा झाल्यास प्रस्ताव 31 ऑगस्टपर्यंत यावा, सोबत गेटचा नकाशा जोडावा आणि गाण्यांचे शब्द मराठीच्या शिक्षकांनी वाचावेत. नृत्याबद्दल ठरावात काही नाही. नव्या नववीचा प्रस्ताव वेळेत आला, या वेळी बँड, पाच जणांचा, खऱ्या ड्रमसेटसह. ड्रमला आवाजाची कळ नसते, हे मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणतात, काका, मग तुम्हीच काहीतरी सुचवा.